वाऱ्याचे वजन

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात फिरतो, तेव्हा बहुतेक घरांत दोन आकडे कानी पडतात. “फादर, प्रेशर काल एकशेसाठ होते,” असे आजी सांगतात आणि “खालचे नव्वद” अशी पुस्ती सून जोडते. एकशेसाठ काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ते किलो नव्हेत, अंशही नव्हेत. ते पाऱ्याचे मिलिमीटर आहेत. पूर्वी डॉक्टरांच्या पेटीत पाऱ्याची उभी नळी असे. आता यंत्राच्या काचेवर नुसते आकडे उमटतात, पण एकक तेच राहिले आहे. ही पाऱ्याची नळी मुळात रक्तासाठी जन्माला आलेली नाही. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी ती एका निराळ्याच वादासाठी उभी करण्यात आली. तो वाद होता हवेला वजन आहे की नाही, आणि असेल तर ते किती, याचा.

हा इतिहास लिहावासा वाटण्यास आणखी एक कारण आहे. ख्रिस्तमंडळी आणि विज्ञान यांच्या संबंधांविषयी आपल्याकडे दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. महाविद्यालयातून घरी येणारी आपली मुले एक घेऊन येतात: मंडळीने विज्ञानाची वाट अडवली, गॅलिलिओचे काय झाले ते पाहा. आपल्या पत्रकांतून दुसरे छापले जाते: विज्ञान वाढवले ते धर्मगुरूंनीच, मठांची नावे पाहा. सेमिनरीत असताना आम्ही हे दुसरे उत्तर पाठ केले होते आणि परीक्षेत ते लिहून चांगले गुणही मिळवले होते. पुढे हवेच्या वजनाची हकिकत सविस्तर वाचनात आली, तेव्हा त्या वादात आमचा झगा दोन्ही बाजूंना उभा असलेला दिसला. त्यानंतर ते पाठ केलेले उत्तर आम्हाला कधी मोकळेपणाने देता आले नाही.

हवेला वजन असावे ही शंका जुनीच आहे. फुगवलेली पिशवी रिकाम्या पिशवीपेक्षा जड भरते, असे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. सहाव्या शतकातील त्याचा भाष्यकार सिंप्लिशियस याने तोच प्रयोग करून पाहिला आणि त्याला काही फरक आढळला नाही. ईयोबाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर देवाने वाऱ्याला वजन नेमून दिल्याचा उल्लेख येतो. मात्र पवित्र शास्त्रातील तो उल्लेख वजनकाट्याविषयीचा नाही, हे सांगितलेले बरे. विद्यापीठांतून शिकवले जाई ते असे, की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे. पंपाचा दट्ट्या वर ओढला की मागे पोकळी होऊ नये म्हणून पाणी वर धावते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य आम्हीही लॅटिनमधून शिकलो, अर्थात एक जुने मत म्हणून.

अडचण अशी होती की हा तिटकारा एका ठरावीक उंचीला संपत असे. इटलीतील पंप करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. अठरा हातांहून, म्हणजे सुमारे दहा मीटरहून, अधिक खोल असलेले पाणी ओढपंपाने काही केल्या वर येत नसे. आमच्या वसईच्या बागायतदारांचाही हाच अनुभव आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेले की पंप विहिरीच्या आत टप्प्यावर उतरवावा लागतो. काठावर ठेवलेला पंप कितीही मोठा असला तरी तो नुसता घरघरतो. गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात या अठरा हातांचा उल्लेख केला आणि दोर जसा स्वतःच्याच भाराने तुटतो तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे कारण दिले. हे कारण चुकीचे होते. गंमत अशी, की हवेला वजन आहे हे गॅलिलिओने स्वतः मोजून पाहिले होते. भांड्यात हवा कोंबून आणि भांडे तोलून त्याने पाणी हवेच्या चारशे पट जड ठरवले. खरे प्रमाण सुमारे आठशे पट आहे. पण अशा कामात पहिल्याच प्रयत्नात दुपटीइतकी चूक ही लहानच म्हणायची. हे मोजूनही हवेच्या या वजनाचा आणि त्या अठरा हातांचा संबंध त्याने जोडला नाही.

१६४०च्या सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्ती याने आपल्या घराच्या भिंतीलगत शिशाची एक लांब नळी उभी करून ती पाण्याने भरली. खालचे तोंड उघडल्यावर पाणी उतरले आणि अठरा हातांच्या आसपास थांबले. वर काचेच्या पात्रात रिकामी जागा उरली. हे पाहायला येशूसंघीय फादर किर्खर व फादर झुक्की आणि मिनिम संघाचे फादर मेन्यां होते. जागा खरोखर रिकामी आहे का, हे ठरवण्यासाठी तिच्यात एक लहान घंटा बसवून ती बाहेरून चुंबकाने वाजवण्यात आली. घंटेचा आवाज ऐकू आला. तेव्हा तेथे हवा असलीच पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात आवाज घंटेच्या आधारातून बाहेर येत होता. युक्ती उत्तम असूनही उत्तर चुकले.

गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेला एव्हांजेलिस्ता टॉरिचेली हा फाएन्झाच्या येशूसंघीय शाळेत शिकलेला आणि पुढे रोममध्ये फादर कास्तेल्ली या बेनेडिक्टाइन संन्याशाच्या हाताखाली तयार झालेला गणिती. त्याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या सुमारे साडेतेरा पट जड आहे. म्हणजे दहा मीटरऐवजी पाऊण मीटरची नळी पुरावी. १६४४ साली फ्लॉरेन्स येथे त्याचा मित्र विव्हियानी याने प्रयोग करून दाखवला आणि पारा अपेक्षित उंचीवर थांबला. टॉरिचेलीने दोन नळ्या घेतल्या होत्या, एक साधी आणि एक माथ्यावर फुगा असलेली. पोकळीच पाऱ्याला वर ओढीत असती, तर मोठी पोकळी असलेल्या नळीत पारा अधिक चढला असता. दोन्हींत तो एकाच पातळीवर राहिला. म्हणजे ओढणारे वर काही नव्हते. ढकलणारे बाहेर होते. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे त्याने ११ जून १६४४च्या पत्रात रोममधील मिकेलांजेलो रिच्ची याला कळवले. हा रिच्ची पुढे १६८१ साली कार्डिनल झाला. त्याने उलट टपाली शंका विचारली, की भांड्यावर झाकण ठेवले तर हवेचे वजन पाऱ्यावर कसे पडेल? शंका अगदी योग्य होती. दाबलेल्या लोकरीचा दाखला देऊन टॉरिचेलीने तिचे निरसन केले: वरचा भार कापून टाकला तरी आत कोंडलेली लोकर दाबलेलीच राहते.

हा प्रयोग टॉरिचेलीने स्वतः छापून प्रसिद्ध केला नाही. १६३३ साली गॅलिलिओला झालेली शिक्षा तेव्हा सर्वांच्या स्मरणात ताजी होती. परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी त्या प्रकरणातील चूक १९९२ साली जाहीरपणे मान्य केली. पण ज्या काळात माणसे गप्प बसली तो काळ त्यामुळे परत येत नाही. टॉरिचेली १६४७च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या ३९व्या वर्षी वारला.

ही वार्ता फ्रान्सला नेली ती एका संन्याशाने. मिनिम संघाचे फादर मारँ मर्सेन यांची पॅरिसमधील खोली म्हणजे त्या काळातील युरोपच्या विद्वानांचे टपाल कार्यालयच होते. १६४४-४५ साली ते इटलीत जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी प्रयोग करून पाहिला, पण पॅरिसची काच पाऱ्याच्या भाराला टिकेना. रुआं शहरी काचेचे चांगले कारखाने होते. तेथे १६४६ साली प्रयोग साधला आणि तो पाहणाऱ्यांत तेवीस वर्षांचा ब्लेझ पास्काल होता.

पास्कालने रुआं येथे लोकांसमोर लांबलचक नळ्या उभारून पाणी आणि तांबडा द्राक्षारस यांची तुलना केली. वरची जागा द्रवाच्या वाफेने भरते असे मानणाऱ्यांना त्याने आधी विचारले, की द्राक्षारस पाण्याच्या वर राहील की खाली? द्राक्षारसाची वाफ अधिक, तेव्हा तो खाली राहील, असे त्यांचे उत्तर आले. तो वर राहिला, कारण तो पाण्याहून हलका असतो. प्रयोगाआधी उत्तर वदवून घेण्याची ही रीत आम्हाला फार आवडते. निकाल लागल्यावर ‘आम्ही हेच म्हणत होतो’ असे म्हणायला मग कोणालाच जागा उरत नाही.

त्याच्याविरुद्ध उभे राहिले ते पॅरिसच्या येशूसंघीय महाविद्यालयाचे रेक्टर फादर एतियेन नोएल. १६४७ साली दोघांचा पत्रव्यवहार झाला. नळीतील जागा रिकामी नाही, काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरलेली अतिविरळ हवा तेथे आहे, असे फादर नोएल यांचे म्हणणे होते. पास्कालने उत्तर दिले, की एखादी कल्पना सर्व घटनांशी जुळते एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. एका घटनेशी विसंगत निघाली तर मात्र ती खोटी ठरते. हे उत्तर आजही विज्ञानाच्या वर्गात शिकवण्यासारखे आहे. पण फादर नोएल यांना मूर्ख ठरवून पुढे जाणे आम्हाला पटत नाही. त्या जागेतून प्रकाश आरपार जातो. मग काहीच नसलेल्यातून प्रकाश कसा जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला विज्ञानाला त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे लागली. शिवाय पाऱ्याच्या वरची ती जागा अगदी रिकामी नसतेच. पाऱ्याची किंचित वाफ तेथे असते. वादात हरलेल्या माणसाचेही काही खरे असू शकते.

आता राहिला होता तो निर्णायक प्रयोग. हवा जर समुद्रासारखी आपल्यावर पसरलेली असेल, तर उंच डोंगरावर तिचा थर कमी आणि म्हणून पारा खाली असला पाहिजे. निसर्गाला पोकळीचा तिटकारा पायथ्याशी जास्त आणि शिखरावर कमी असतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. ही कल्पना आधी कोणाला सुचली यावरून देकार्त आणि पास्काल यांच्यात कुरबूर झाली. ती आम्ही येथे सोडून देतो. पास्कालने १५ नोव्हेंबर १६४७ रोजी क्लेर्मों येथे राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, फ्लोरँ पेरिये यांना, पत्र लिहिले. क्लेर्मों हे पास्कालचे जन्मगाव. त्याच्या शेजारी प्वी द दोम नावाचा, शहरापासून सुमारे हजार मीटर उंच चढणारा डोंगर आहे. कामाच्या आणि हवामानाच्या अडचणींत दहा महिने गेले.

१९ सप्टेंबर १६४८, शनिवार. पहाटे पाचला शिखर उघडे दिसले आणि पेरिये यांनी निश्चय केला. सकाळी आठला मंडळी मिनिम संघाच्या मठाच्या बागेत जमली. त्यांत मठातील फादर बानिये, कॅथेड्रलचे कॅनन मोनिये, न्यायालयातील दोन अधिकारी आणि एक वैद्य होते. पेरिये यांनी सोळा पौंड पारा आधी तीन दिवस शुद्ध करून ठेवला होता. एकाच जाडीच्या, चार फुटी दोन नळ्या घेऊन बागेतच मोजणी केली. दोन्हींत पारा २६ इंच साडेतीन रेषा. (हे फ्रेंच इंच आजच्या इंचापेक्षा किंचित मोठे, एका इंचात बारा रेषा.) तीच मोजणी पुन्हा केली, आकडा तोच आला. मग एक नळी जागच्या जागी पक्की बसवून ते दुसरी घेऊन डोंगर चढू लागले.

खाली राहिलेल्या नळीजवळ फादर शास्तँ यांना बसवले होते. दिवसभर पाऱ्याकडे पाहत राहायचे आणि तो हलला तर नोंद करायची, एवढेच त्यांचे काम.

शिखरावर पारा २३ इंच २ रेषांवर थांबला. तीन इंचांहून अधिक फरक! मंडळी थक्क झाली, असे पेरिये यांनी लिहिले आहे, आणि स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्यांनी प्रयोग आणखी पाच वेळा केला: शिखरावरील लहानशा चॅपेलमध्ये, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, मध्येच येणाऱ्या पावसात आणि धुक्यात. आकडा ढळला नाही. उतरताना वाटेत केलेल्या मोजणीत पारा २५ इंचांवर आला, म्हणजे दोन्हींच्या दरम्यान.

संध्याकाळी बागेत परतल्यावर फादर शास्तँ यांनी सांगितले, की दिवसभर हवा कधी स्वच्छ, कधी पावसाळी, कधी धुक्याची, कधी वाऱ्याची अशी पालटत राहिली, पण पारा हलला नाही. वरून आणलेली नळी पुन्हा बागेत उभी केली. त्यातही २६ इंच साडेतीन रेषा.

या प्रसंगाची चित्रे आम्ही पुस्तकांत पाहिली आहेत. सर्वांत डोंगर आहे, शिखर आहे, वाऱ्याने उडणारे झगे आहेत. बागेत बसलेले फादर शास्तँ एकाही चित्रात नाहीत. परंतु त्यांच्यावाचून हा प्रयोग उभा राहत नाही. दुपारी हवामान पालटले म्हणून पारा उतरला, अशी शंका कोणीही घेतली असती आणि ती रास्तच ठरली असती. कारण वादळी हवेत पारा खरोखरच उतरतो. शिखरावरील आकड्याला अर्थ आला तो खालचा आकडा न बदलल्यामुळे. काहीही न घडणे हीच ज्यांची नोंद, त्यांच्या कामाची ही किंमत आहे. प्रत्येक प्रयोगशाळेत आज एक नमुना मुद्दाम न हाताळता ठेवतात, ती हीच मठातील नळी.

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलचे धर्मशास्त्री, ओरेटरी संघाचे फादर द ला मार, यांनी विचारले, की डोंगर कशाला, कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर फरक दिसेल का? पेरिये यांनी तेही करून पाहिले. बागेत २६ इंच साडेतीन रेषा, मनोऱ्याच्या माथ्यावर २६ इंच १ रेषा. हे कळताच पास्कालने पॅरिसमधील एका चर्चच्या मनोऱ्यावर स्वतः पडताळा घेतला. दोन रेषांहून थोडा अधिक फरक पडला. आज आपण असे म्हणतो, की जमिनीपासून सुमारे अकरा मीटर वर गेले की पारा एक मिलिमीटर उतरतो. त्यांचे आकडे याच्याशी चांगले जुळतात.

ज्या फादर मर्सेन यांनी ही वार्ता आल्प्स ओलांडून आणली, ते १ सप्टेंबर १६४८ रोजी, म्हणजे या प्रयोगाच्या अठरा दिवस आधी, देवाघरी गेले होते.

पास्कालने अहवाल त्याच वर्षी छापला आणि त्यात स्वतःचे आधीचे मत सोडल्याचे मोकळेपणाने सांगितले. तोवर तोही पोकळीच्या तिटकाऱ्याला काही अंशी जागा देत होता. पुढे त्याने पृथ्वीचे क्षेत्रफळ आणि पाऱ्याची उंची यांवरून सबंध वातावरणाचे वजन साध्या अंकगणिताने काढले. ते आजच्या आकड्याच्या सुमारे चार-पंचमांश भरते. एका नळीवरून आणि एका गुणाकारावरून अख्ख्या पृथ्वीवरील हवा तोलली जावी, ही गोष्ट वाचून आम्ही तो हिशेब वहीत स्वतः करून पाहिला. तो खरोखरच शाळकरी मुलाला जमण्यासारखा आहे. हा निबंध पास्कालच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. येशूसंघीयांवरील त्याची जहाल पत्रे मधल्या काळात गाजून गेली होती, पण तो वाद हवेचा नव्हता.

आमच्या लोकांची कामगिरी येथेच संपत नाही. जर्मनीत ऑटो फॉन गेरिके याने हवा उपसणारा पंप केला. त्याचे वर्णन प्रथम छापले ते वुर्त्सबुर्गचे येशूसंघीय फादर गास्पार शॉट यांनी, १६५७ साली. ते वाचून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने अधिक चांगला पंप करवून घेतला आणि टॉरिचेलीची नळी पंपाच्या काचपात्रात बसवली. हवा उपसली जाऊ लागली तसा पारा उतरू लागला. प्वी द दोमचा चढ त्याने एका बरणीत आणला. यावर लिएज येथील इंग्रज येशूसंघीय फादर फ्रान्सिस लायनस यांनी १६६१ साली आक्षेप घेतला. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीचे वरचे टोक बोटाने बंद करून पारा खाली उतरू दिला, तर बोट आत ओढले जात असल्याचे जाणवते. तेव्हा पाऱ्याला एक अदृश्य दोरी वरून धरून ठेवीत असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. या दोरीचे खंडन करण्यासाठी बॉइलने वाकड्या नळीत हवा कोंडून तिच्यावर पारा ओतत नेला. दाब दुप्पट झाला तशी हवा निम्म्या जागेत मावली. शाळेच्या पुस्तकातील बॉइलचा नियम १६६२ साली छापला गेला तो असा, एका धर्मगुरूच्या चुकीच्या आक्षेपाला उत्तर म्हणून. ही नोंद आपल्या कोणत्या रकान्यात करायची, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

दाबाच्या एककाला १९७१ साली पास्कालचे नाव देण्यात आले. चक्रीवादळाच्या बातम्यांत हेक्टोपास्कल हा शब्द येतो तो त्यामुळेच; किनाऱ्यावरची मंडळी तो ऐकून होड्या वर ओढून घेतात. रक्तदाब मात्र अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरात सांगितला जातो.

गेल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही हे सारे एका आजींना थोडक्यात सांगत होतो. तळहातावर शंभर किलोंहून अधिक हवा बसलेली असते, हे ऐकून त्यांनी हात वरखाली करून पाहिला. “मग लागत कशी नाही?” असे त्यांनी विचारले. खालूनही ती तितक्याच जोराने रेटते, असे आम्ही म्हणालो. सर्व मिळून त्या पाऱ्याचे सुमारे सातशेसाठ मिलिमीटर भरतात. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“फादर, माझ्या एकशेसाठमध्ये ते धरलेले आहेत काय?”

“नाही आजी. ते एकशेसाठ त्याच्या वरचे.”

“मग ते डॉक्टरांना सांगू नका,” आजी म्हणाल्या, “नाहीतर गोळी आणखी वाढवतील.”